ॲल्युमिनियमच्या डोलकाठीवरील जोडकाम: मोनेलचे रिवेट, स्टेनलेसचे स्क्रू आणि मधला लेप यांचे परीक्षण

शिडाच्या नौकेची ॲल्युमिनियमची डोलकाठी म्हणजे आतून पोकळ, पातळ भिंतीची आणि सतत खाऱ्या हवेत उभी असणारी नळी असते. तिच्यावर क्लीट (दोरी अडकवण्याचे खुंटे), कप्प्या, विंचची (दोरी ओढण्याच्या फिरकीची) बैठक, बूमचा (शिडाच्या खालच्या आडव्या काठीचा) गूजनेक म्हणजे बिजागरीसारखा सांधा, हॅलयार्ड (शीड वर चढवण्याच्या दोऱ्या) बाहेर काढण्याच्या खाचांवरील पट्ट्या, दिव्याचा कंस असे बरेच सामान बसवावे लागते. यातील प्रत्येक वस्तू कशाने बसवली आहे यावर ती वस्तू किती टिकेल हे तर ठरतेच, पण डोलकाठी स्वतः किती टिकेल हेही पुष्कळ अंशी त्यावरच ठरते. आमच्या सव्वीस फुटी नौकेच्या डोलकाठीवर मी वापरलेली आणि इतरांच्या डोलकाठ्यांवरून काढलेली जोडणीची साधने, म्हणजे मोनेलचे (निकेल आणि तांब्याच्या मिश्रधातूचे), ॲल्युमिनियमचे आणि स्टेनलेसचे पॉप रिवेट (आतली दांडी गनने ओढून एका बाजूनेच बसवायचे पोकळ रिवेट), आटे पाडून बसवलेले स्टेनलेसचे स्क्रू, रिवेटनट (आत आटे असलेले रिवेट), आरपार बोल्ट, आणि या सर्वांच्या सोबत वापरायचे निरनिराळे लेप, यांचे हे परीक्षण आहे. माझे मत आरंभीच नोंदवतो. कायमच्या आणि डोलकाठीला समांतर ओढ सोसणाऱ्या सामानासाठी मोनेलच्या रिवेटइतके चांगले साधन मला आढळलेले नाही; जे सामान पुन्हा काढावे लागणार आहे त्यासाठी ३१६ जातीच्या स्टेनलेसचा स्क्रू योग्य आहे; आणि या दोन्हींपैकी काहीही लेपाशिवाय बसवणे हे डोलकाठीचे नुकसान करणेच होय.

मुंबई बंदरातील शिडाच्या नौका पावसाळ्याच्या तोंडावर पाण्याबाहेर काढल्या जातात आणि पाऊस ओसरल्यावर पुन्हा उतरवल्या जातात. त्या काळात डोलकाठी उतरवून आडवी ठेवली, तर तिच्यावरील प्रत्येक भोक जवळून पाहता येते. बहुतेक नौकाधारक ही संधी बुडावरचे शिंपले खरवडण्यात आणि रंगकामात खर्च करतात, आणि क्लीटखाली साचलेली पांढरी भुकटी ऑक्टोबरपर्यंत तशीच राहते. ती भुकटी कशाची आहे हे समजून घेतले की पुढची सारी निवड सोपी होते.

ॲल्युमिनियम आणि स्टेनलेस स्टील एकमेकांना टेकलेले असताना त्यांच्यात खारे पाणी शिरले की तेथे विजेचा एक छोटा घट तयार होतो. समुद्राच्या पाण्यात या दोन धातूंच्या विद्युत विभवांत साधारण ०.७ व्होल्टचा फरक असतो आणि या व्यवहारात झिजण्याची पाळी नेहमी ॲल्युमिनियमवर येते. डोलकाठी मोठी आणि स्क्रू लहान असल्यामुळे ही झीज विस्तृत पृष्ठभागावर वाटली जाईल आणि म्हणून ती नगण्य राहील, असा युक्तिवाद पुष्कळदा केला जातो. संपूर्ण डोलकाठी पाण्यात बुडालेली असती तर तो बरोबर ठरला असता. प्रत्यक्षात मात्र ओल फक्त स्क्रूच्या डोक्याखाली आणि आट्यांच्या फटीत टिकून राहते, त्यामुळे सगळी झीज भोकाच्या कडेवरच एकवटते. झीज होऊन तयार झालेले ॲल्युमिनियमचे हायड्रॉक्साइड मूळ धातूपेक्षा जास्त जागा व्यापते, आट्यांमध्ये ठासून बसते आणि स्क्रू असा जखडतो की पाना लावल्यावर तो फिरण्याऐवजी मानेपाशी तुटतो. डोलकाठीवरचा ॲनोडायझिंगचा (विजेच्या प्रक्रियेने चढवलेल्या ऑक्साइडचा) थर, जो साधारण १५ ते २५ मायक्रॉन जाडीचा असतो, वीज वाहू देत नाही आणि अखंड असेपर्यंत चांगले संरक्षण देतो; पण ड्रिल त्यातून आरपार गेले की भोकाच्या आतला धातू उघडाच राहतो. सारांश असा की आपण जेथे स्क्रू घालतो, नेमके तेथेच संरक्षण उरलेले नसते.

दुसरी गोष्ट भिंतीच्या जाडीची. आमच्या आकाराच्या नौकेच्या डोलकाठीची भिंत अडीच ते तीन मिलिमीटरच्या आसपास असते, लहान डिंगीची (छोट्या उघड्या नौकेची) त्याहूनही पातळ. धातू बहुधा ६०६१, ६०६३ किंवा ६०८२ या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंपैकी एखादा, टी६ या उष्णता देण्याच्या पद्धतीने कठीण केलेला. एम६ (६ मिलिमीटर व्यासाच्या) स्क्रूच्या दोन आट्यांमधील अंतर १ मिलिमीटर असते, म्हणजे तीन मिलिमीटरच्या भिंतीत त्याचे जेमतेम तीन आटे धरतात. एम५ चे अंतर ०.८ मिलिमीटर असल्याने त्याचे पावणेचारपर्यंत धरतात, आणि म्हणूनच पातळ भिंतीत जाड स्क्रू घातल्याने जोडणी अधिक पक्की होते असे गृहीत धरणे चुकीचे आहे. ॲल्युमिनियममध्ये स्क्रूची पूर्ण ताकद मिळवायची तर आट्यांची खोली स्क्रूच्या व्यासाच्या दीड ते दोन पट असावी लागते; एम६ साठी ती ९ ते १२ मिलिमीटर होते. तेवढी जाडी डोलकाठीत कोठेच नसते. यावरून एक नियम आपोआप निघतो: आटे पाडून बसवलेल्या स्क्रूवर भिंतीला समांतर ओढ आली तर तो ती उत्तम सोसतो, पण भिंतीपासून बाहेर खेचणारी ओढ आली तर ते दोन-तीन आटे केव्हाही सुटू शकतात. क्लीटवरची दोरी खाली किंवा वर ओढते, म्हणून क्लीटला स्क्रू चालतो. ज्या पॅडआयला (पट्टीवरच्या कडीला) कप्पी लटकून ती डोलकाठीपासून दूर खेचली जाणार आहे, तेथे तोच स्क्रू चालत नाही.

स्टेनलेसच्या स्क्रूंचा मोठा गुण असा की ते सहज मिळतात, स्वस्त पडतात आणि व्यवस्थित बसवले असतील तर हव्या त्या वेळी काढता येतात. मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर हव्या त्या मापाचे, हव्या त्या डोक्याचे स्क्रू मिळतात. अडचण मापाची नसून जातीची आहे. समुद्रावर ३१६ जातीचेच स्टेनलेस घ्यावे, कारण तिच्यातील २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम क्लोराइडमुळे पडणाऱ्या खड्ड्यांना अटकाव करते. ३०४ मध्ये ते नसते आणि डोलकाठीच्या फटीत, जेथे प्राणवायू कमी पोहोचतो आणि स्टेनलेसवरचा संरक्षक पापुद्रा पुन्हा तयार होऊ शकत नाही, तेथे ३०४ लवकर डागाळते आणि पुढे खड्डे धरते. दुकानदार चुंबक लावून दाखवतात, पण त्या परीक्षेला अर्थ नाही. ३०४ आणि ३१६ या दोन्ही जाती चुंबकाला जवळजवळ दाद देत नाहीत, आणि थंड अवस्थेत घडवलेली डोकी तर दोन्ही जातींत थोडीशी ओढली जातात. षटकोनी डोक्याच्या किंवा ॲलन डोक्याच्या एम५ आणि त्याहून मोठ्या बोल्टवर ए४-७० किंवा ए४-८० असा ठसा असेल तर तो ३१६ च्या कुळातला, ए२-७० असेल तर ३०४ च्या. पहिल्या खुणेतील ७० म्हणजे ७०० मेगापास्कल इतकी ताण सोसण्याची क्षमता. बारीक आणि खाचेच्या डोक्याच्या स्क्रूंवर ठसा नसतो. त्यांच्यासाठी मॉलिब्डेनम ओळखणाऱ्या द्रावाची आणि छोट्या बॅटरीची तपासणी-पेटी बाजारात मिळते, ती मी ठेवतो. एका दुकानातून ३१६ म्हणून घेतलेल्या पुडीतील स्क्रूंवर हे द्रावण टाकल्यावर ते ३०४ निघाले होते, आणि तेव्हापासून ठसा नसलेला कोणताही माल तपासल्याशिवाय डोलकाठीवर जात नाही.

बसवण्याच्या कामातील काळजी साधीच आहे, पण ती टाळण्यासारखी नाही. एम५ च्या आट्यांसाठी ४.२ मिलिमीटरचे आणि एम६ साठी ५ मिलिमीटरचे भोक पाडावे, आधी सेंटर पंचाने खूण पक्की करावी म्हणजे गोलाईवरून ड्रिल घसरत नाही. ॲल्युमिनियम कापताना रॉकेलचे थेंब सोडत राहावे; त्यामुळे कीस ड्रिलच्या आणि टॅपच्या (आटे पाडण्याच्या हत्याराच्या) दातांना चिकटत नाही आणि आटे स्वच्छ पडतात. टॅप अर्धा फेरा पुढे, थोडा मागे असा फिरवावा आणि शेवटी भोक थिनरने पुसून घ्यावे, कारण तेलकट पृष्ठभागावर पुढचा लेप धरत नाही. स्क्रूची लांबी अशी निवडावी की तो आत दोन मिलिमीटरपेक्षा जास्त डोकावणार नाही. डोलकाठीच्या आतून हॅलयार्ड आणि विजेच्या तारा जातात, आणि आत निघालेले स्क्रूचे टोक नवी दोरी पाहता पाहता कापून काढते. या कारणासाठी टोकदार सेल्फ-टॅपिंग स्क्रू डोलकाठीवर कधीच वापरू नयेत. जुन्या डोलकाठ्यांवर ते सर्रास सापडतात. ते काढून टाकून आटे पाडावेत किंवा रिवेट घालावेत, यावर मला दुसरे मत संभवत नाही.

आता मोनेलचे रिवेट. मोनेल म्हणजे सुमारे दोन-तृतीयांश निकेल आणि साधारण ३० टक्के तांबे यांचा मिश्रधातू. इंटरनॅशनल निकेल कंपनीने १९०६ च्या सुमारास तो बाजारात आणला आणि कंपनीचे अध्यक्ष अँब्रोज मोनेल यांचे नाव त्याला दिले गेले. वाहत्या समुद्राच्या पाण्यात त्याची झीज फारच थोडी होते. त्याच्याविषयी एक गैरसमज मात्र दूर करायला हवा. मोनेल हा विभवाच्या क्रमात ॲल्युमिनियमच्या जवळ आहे आणि म्हणून त्याच्याबरोबर गंज होत नाही, असे अनेक नौकाधारक मानतात. ते खरे नाही. त्या क्रमात मोनेल ॲल्युमिनियमपासून स्टेनलेसइतकाच दूर आहे आणि लेप नसेल तर त्याच्याभोवतीही पांढरी भुकटी जमते. मोनेलची श्रेष्ठता त्याच्या मवाळपणात आहे. रिवेटगनने दांडी ओढली की मोनेलची नळी सहज फुगते, भोक पूर्ण भरते आणि मागे रुंद, गोलसर शेपूट तयार करते. पातळ भिंतीत दोन-तीन आट्यांवर लटकण्याऐवजी रिवेट भिंतीची संपूर्ण जाडी वापरतो, आणि वाऱ्यात डोलकाठी सतत थरथरत असली तरी तो सैल होत नाही, कारण त्यात फिरण्यासारखे काही नसते. गूजनेकची बैठक, कप्प्यांची पट्टी, स्पिनेकर पोलचा (पुढच्या फुगीर शिडाच्या काठीचा) ट्रॅक, हॅलयार्डच्या खाचेवरची पट्टी यांसाठी मी मोनेलच वापरतो आणि त्यांतील एकही रिवेट हलल्याचे पाहिलेले नाही.

दोन मापे कामाची आहेत: ४.८ मिलिमीटर आणि ६.४ मिलिमीटर. पहिल्यासाठी ४.९ चे आणि दुसऱ्यासाठी ६.५ चे ड्रिल लागते. भोक याहून सैल झाले तर रिवेट ते भरू शकत नाही आणि त्याचा मूळ गुणच संपतो. लांबी निवडताना भिंत, वस्तूची पट्टी आणि मधला प्लॅस्टिकचा पत्रा यांची एकत्रित जाडी मोजून, रिवेटवर दिलेल्या पकडीच्या मर्यादेत ती बसते का हे पाहावे. तीन मिलिमीटर भिंत आणि तीन मिलिमीटर पट्टी असेल तर सहा मिलिमीटर पकडणारा रिवेट हवा. फार लांब रिवेट घेतला तर मागचे शेपूट लांबट होते आणि आतल्या दोऱ्यांना आडवे येते. शिडाची कड ज्या खोबणीतून वर सरकते, त्या खोबणीजवळ रिवेट घालताना हे विशेष पाहावे, कारण तेथे आत आलेले शेपूट शीड वर चढूच देत नाही.

मोनेलच्या रिवेटमध्ये एक दोष आहे आणि तो खरेदीच्या वेळीच टाळता येतो. पुष्कळ रिवेटची नळी मोनेलची असली तरी मधली दांडी साध्या पोलादाची असते. दांडी तुटल्यावर तिचा तुकडा आतच राहतो, काही महिन्यांत गंजतो आणि पांढऱ्या डोलकाठीवर तांबूस ओघळ उतरू लागतात. शक्य असेल तेथे स्टेनलेसची दांडी असलेले रिवेट मागवावेत. पोलादाची दांडी असलेलेच मिळाले तर काही कारागीर तो तुकडा सुंब्याने आत पाडून टाकतात; त्याने ओघळ थांबतात, पण रिवेट पोकळ होतो, त्याची ताकद थोडी घटते आणि भोकातून पाणी आत जाण्यास वाट मिळते. मी तुकडा तसाच ठेवून डोक्यावर लेपाचा एक थेंब देतो.

भारतात हे रिवेट मिळवणे हीच खरी अडचण आहे. मुंबईत सी. पी. टँक आणि कुंभारवाडा भागातील धातू-व्यापाऱ्यांकडे मोनेलच्या सळया आणि बोल्ट मागणीप्रमाणे मिळतात, पण पॉप रिवेट त्यांच्याकडे मला मिळालेले नाहीत. ते ब्रिटन किंवा अमेरिकेतील डोलकाठीच्या सामानाच्या दुकानांतून मागवावे लागतात आणि ॲल्युमिनियमच्या रिवेटच्या मानाने ते फार महाग पडतात. तरीही एका डोलकाठीला लागणाऱ्या रिवेटची संख्या लक्षात घेतली तर तो खर्च एका नव्या हॅलयार्डपेक्षा कमीच असतो, आणि त्यामुळे महागपणाचे कारण मला पटत नाही. परदेशात राहणारे नातेवाईक येणार असतील तर त्यांच्या सामानातून एक पाकीट मागवण्याचा मार्ग अनेकांनी अवलंबलेला आहे.

स्टेनलेसचे रिवेट मोनेलपेक्षा ताकदीने सरस असतात, हे मान्य करूनही मी ते डोलकाठीवर घालत नाही. ते फुगवण्यासाठी इतकी ओढ लागते की पातळ भिंत आत दबण्याची भीती असते, आणि पुढे कधी काढायची वेळ आली तर ते ड्रिलखाली अधिकच कठीण होत जातात. ड्रिल कठीण रिवेटवरून घसरून शेजारच्या मऊ ॲल्युमिनियममध्ये शिरते आणि गोल भोक लांबट होऊन बसते. मोनेलचा रिवेट मात्र डोके पकडून सावकाश ड्रिल चालवले की शांतपणे निघतो. ॲल्युमिनियमचे रिवेट गंजाच्या दृष्टीने निर्धोक आहेत, कारण दोन्ही बाजूंना एकाच कुळाचा धातू असतो, पण ते दुबळे असतात. आतल्या तारांची प्लॅस्टिकची नळी, नावाची पाटी, दिव्याचा ॲल्युमिनियमचा कंस यांच्यापुरते ते ठीक आहेत. स्टेनलेसच्या पट्टीला मात्र ते कधीही लावू नयेत. तेथे लहान ॲल्युमिनियम आणि मोठे स्टेनलेस असे प्रमाण उलटे होते आणि रिवेट आतल्या आत खाल्ला जातो.

रिवेटनट मला विशेष उपयोगी वाटलेले नाहीत. एम६ च्या रिवेटनटसाठी ९ मिलिमीटरचे भोक लागते, म्हणजे लहान स्क्रूसाठी डोलकाठीत मोठे छिद्र पाडावे लागते, आणि आतला स्क्रू जखडला की नट जागीच फिरू लागतो, मग तो धड निघत नाही आणि धड घट्टही होत नाही. बाजारात सहज मिळणारे रिवेटनट जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाचे असतात, ते तर समुद्राजवळ न्यावेच नयेत.

बाहेर खेचणाऱ्या मोठ्या भारासाठी, म्हणजे स्टेच्या टँग (डोलकाठीला आधार देणाऱ्या तारा धरणाऱ्या पट्ट्या), स्प्रेडरच्या (त्या तारा बाहेर ताणून धरणाऱ्या आडव्या दांड्यांच्या) बैठका किंवा डोलकाठीबाहेर लटकणाऱ्या जड कप्प्या यांच्यासाठी, आरपार बोल्ट हाच योग्य उपाय आहे. त्यासाठी डोलकाठीच्या आत बोल्टभोवती एक नळी घालावी लागते आणि तिची लांबी डोलकाठीच्या आतल्या रुंदीइतकी काटेकोर असावी लागते. नळी आखूड पडली तर नट आवळताना दोन्ही भिंती आत दबतात आणि डोलकाठी त्याच जागी कमकुवत होते. हे काम घरी करता येते, परंतु लेथवर नळी कापून घेण्यासाठी एखाद्या वर्कशॉपची मदत घ्यावी, करवतीने कापलेल्या नळीच्या कडा सरळ येत नाहीत.

लेपांविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण योग्य धातू निवडूनही लेप चुकला तर सारे व्यर्थ जाते. पहिला नामवंत लेप म्हणजे ड्युरालॅक. हा पिवळा, दाट आणि फार सावकाश वाळणारा लेप ब्रिटनमध्ये तयार होतो आणि डोलकाठ्या बनवणारे तो कैक वर्षांपासून वापरत आले आहेत. रिवेट त्यात बुडवून भोकात घातला की नळी फुगताना लेप चहूबाजूंनी पसरतो आणि वाळल्यावरही किंचित लवचीक राहतो. पट्टीच्या खालच्या बाजूलाही तो लावता येतो. त्याच्या मूळ पिवळ्या प्रकारात बेरियम क्रोमेट असते आणि ते विषारी आहे, म्हणून हातमोजे घालावेत, वाळलेला लेप घासून त्याची धूळ उडवू नये आणि उरलेले डबे मुलांच्या हाती लागणार नाहीत असे ठेवावेत. क्रोमेट नसलेला प्रकारही आता मिळतो. रिवेटसाठी मी ड्युरालॅकला पहिली पसंती देतो.

स्क्रूंसाठी माझी पसंती टेफ-जेलला आहे. ही टेफ्लॉनची पांढरी दाट पेस्ट वाळत नाही, पाण्याने धुपत नाही आणि आट्यांमध्ये राहून ओल आत शिरू देत नाही. टेफ-जेल लावलेले स्क्रू काही हंगामांनंतर साध्या ॲलन पान्याने निघाले आणि आटे चकचकीत होते, एवढे सांगितले तरी पुरे. छोटी नळी महाग आहे, परंतु स्क्रूला लागणारे प्रमाण इतके थोडे असते की ती फार काळ पुरते. तिचा एकच उणेपणा असा की ती वंगणासारखी असल्याने थरथरीने स्क्रू सैल होण्यास अडथळा करत नाही. जेथे स्क्रू सैल होण्याची भीती जास्त, उदाहरणार्थ गूजनेकच्या आसपास, तेथे मी लॉकटाइट २४३ वापरतो. हा निळा द्रव स्टेनलेससारख्या निष्क्रिय पृष्ठभागावरही जमतो, आट्यांमधील फट भरून काढतो आणि मध्यम पकडीचा असल्यामुळे हातातल्या पान्याने पुन्हा सोडवता येतो. एकाच स्क्रूवर दोन्ही लावू नयेत. पेस्टच्या थरावर लॉकटाइट जमत नाही.

लॅनोलिनवर आधारलेले लेप, लॅनोकोट हा त्यांतील परिचित, थंड देशांत चांगले काम करतात. लॅनोलिन म्हणजे मेंढीच्या लोकरीतील चरबी, आणि ती साधारण ४० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते. एप्रिल-मे महिन्यांत मुंबईच्या किंवा गोव्याच्या उन्हात तापलेल्या डोलकाठीला हात लावून पाहिला तर हा लेप तेथे का टिकत नाही, हे लगेच कळते. तारांच्या टोकांना किंवा टर्नबकलला (तारा ताणण्याच्या स्क्रूला) तो ठीक आहे, कारण तेथे तो पुन्हा पुन्हा लावता येतो.

आपल्याकडे सहज मिळणाऱ्या काही पर्यायांपासून मात्र कटाक्षाने दूर राहावे. जखडू नये म्हणून गॅरेजमध्ये लावतात ती तांब्याची पेस्ट आणि ग्राफाइट मिसळलेले ग्रीस, ही दोन्ही डोलकाठीसाठी घातक आहेत. तांबे आणि ग्राफाइट ॲल्युमिनियमला स्टेनलेसइतकेच किंवा त्याहून अधिक झिजवतात. साधे ग्रीस पहिल्या पावसाळ्यात धुऊन जाते. व्हिनेगरसारखा वास येणाऱ्या सिलिकॉन सीलंटमधून जमताना ॲसेटिक आम्ल बाहेर पडते, तेही उघड्या धातूवर लावू नये. नळकामाची पांढरी टेफ्लॉन टेप अडचणीच्या वेळी काहीच नसण्यापेक्षा बरी, पण धारदार आटे ती कापून टाकतात.

आट्यांइतकेच लक्ष वस्तूच्या बुडाकडे द्यावे. स्टेनलेसची पट्टी सरळ डोलकाठीवर आवळली तर स्क्रूभोवती कितीही लेप लावला तरी पट्टीच्या खाली झीज सुरूच राहते, म्हणून मध्ये नायलॉनचा, डेलरिनचा किंवा पॉलिथिलीनचा पातळ पत्रा कापून घालावा आणि तो पट्टीच्या कडेबाहेर किंचित निघू द्यावा. लोकर, फेल्ट किंवा चामडे घालू नये, ते ओल धरून ठेवतात. पितळी किंवा ब्राँझच्या विंचखाली हा पत्रा अत्यावश्यक आहे, कारण तांब्याचा अंश असलेल्या धातूंवरून ओघळणारे पाणीसुद्धा खालच्या ॲल्युमिनियमवर खड्डे पाडू शकते.

भोके कोठे पाडावीत, हेही साधनाच्या निवडीइतकेच महत्त्वाचे आहे. दोन भोकांच्या केंद्रांत व्यासाच्या किमान तिप्पट आणि पत्र्याच्या कडेपासून किमान दुप्पट अंतर ठेवण्याचा रिवेटकामातील जुना नियम येथेही पाळावा, आणि एकाच उंचीवर डोलकाठीभोवती आडव्या रांगेत भोके पाडू नयेत. ती वर-खाली विखुरलेली असावीत. भोक म्हणजे ताणाचा साठा होण्याची जागा. १९९६ पासून ऑलिंपिकमध्ये असलेली लेझर डिंगी, जिला आता आयएलसीए म्हणतात, तिच्या दोन भागांच्या डोलकाठीतील वरच्या ॲल्युमिनियमच्या नळीचे उदाहरण सर्व खलाशांना परिचित आहे: सांध्याजवळच्या कड्याला (कॉलरला) धरणाऱ्या एका रिवेटच्या भोकापाशीच ती वारंवार वाकते किंवा तुटते, आणि म्हणून जाणते खलाशी तो रिवेट ताणाच्या बाजूला येणार नाही अशा रीतीने डोलकाठी फिरवून बसवतात. आमच्या नौकेवर स्प्रेडरच्या खालीवर एक हातभर जागेत मी नवे भोक पाडू देत नाही.

जुना जखडलेला स्क्रू काढताना घाई केल्याने जितक्या डोलकाठ्या बिघडल्या असतील तितक्या गंजानेही बिघडल्या नसतील. आदल्या दिवशी भेदक तेल सोडून ठेवावे, मग हातोडीने ठोकून फिरवायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर वापरावा. तरीही न निघाल्यास भोवतीचे ॲल्युमिनियम गरम करावे. ते तापल्यावर स्टेनलेसच्या सुमारे दीडपट प्रसरण पावते, त्यामुळे आट्यांची पकड सैल होते. उष्णता मर्यादेत हवी, पाण्याचा थेंब चरचरेल एवढीच. टी६ ची कठीणता हा धातू काही तास १७० अंशांच्या आसपास ठेवून आणलेली असते. ब्लोटॉर्चची ज्योत एकाच जागी धरून धातू त्याच्या बराच पलीकडे तापवला तर ती कठीणता कायमची जाते आणि पुन्हा आणता येत नाही. स्क्रू तुटलाच तर तो ड्रिलने काढून पुढच्या मापाचे आटे पाडावेत, किंवा त्या जागी ६.४ मिलिमीटरचा मोनेलचा रिवेट घालावा. पातळ भिंतीत हेलिकॉइलची (नवे आटे देणाऱ्या तारेची) गुंडाळी बसवण्याचा सल्ला काही जण देतात, पण तिला पुरेशी खोलीच मिळत नाही.

राहता राहिली रिवेटगन. ४.८ मिलिमीटरचा मोनेल एका हाताच्या साध्या गनने मोठ्या कष्टाने ओढता येतो आणि ६.४ चा तर मुळीच येत नाही. गनचे जबडे घसरतात आणि दांडी अर्धवट ओढलेल्या अवस्थेत अडकून रिवेट वाया जातो. दोन लांब दांड्यांची किंवा लेझी टाँग (घडी होणाऱ्या जाळीदार दांड्यांच्या) पद्धतीची गन घ्यावी, आणि तिच्यासोबत ६.४ च्या दांडीला बसणारे तोंड मिळते की नाही हे दुकानातच पाहून घ्यावे. ही गन वर्षातून एकदाच लागते, त्यामुळे तीन-चार नौकाधारकांनी मिळून एक चांगली गन विकत घेणे हे प्रत्येकाने स्वस्त गन घेण्यापेक्षा शहाणपणाचे आहे. आमच्याकडील गन अशीच सामाईक असून ती जूनमध्ये ज्याची डोलकाठी आधी उतरते त्याच्याकडे जाते.